चुंबकत्व गेलं कुठे?

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालं की हातखंब्यानंतर पाली लागतं. या भागात विहीर खणायला काढली की आधी जांभा लागतो. चिरेखाणीत दिसतो तोच, लाल आणि भोकाभोकांचा. त्याच्या खाली मऊ, पांढुरकी-गुलाबी माती आणि तिच्याही खाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. वरचा जांभाही त्याचाच, लाखो पावसाळे खाऊन कुजलेला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा जमिनीतून वर आला आणि निवताना त्यानं स्वतःत एक नोंद करून ठेवली.

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा हजार अंशांच्या वर असतो तेव्हा या कणांना चुंबकत्व नसतं. तो ५८० अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागला की कणांत चुंबकत्व उमटतं. खनिजात टायटेनियम मिसळलेलं असेल तर हा आकडा आणखी खाली येतो. त्या वेळी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्या जागी ज्या दिशेला असेल, ती दिशा दगडात कोंडली जाते. विषुववृत्तापाशी ही दिशा आडवी असते आणि ध्रुवांकडे जावं तशी जमिनीशी मोठा कोन करत जाते. त्यामुळे दगडातल्या दिशेचा कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर निवला हे काढता येतं.

ही नोंद वाचायची तर आधी दगड पुसावा लागतो. कोट्यवधी वर्षांत त्यावर नंतरच्या क्षेत्राचे थर चढलेले असतात. जवळ वीज पडली असेल तर तिनं जुन्यावर भलतंच काही गिरवलेलं असतं. म्हणून प्रयोगशाळेत दगडाचा तुकडा १०० अंशांपर्यंत तापवायचा, पृथ्वीचं क्षेत्र अडवलेल्या जागेत निववायचा आणि मोजायचा. मग २०० अंश, मग ३०० अंश. प्रत्येक वेळी कच्चं, उशिरा चढलेलं चुंबकत्व निघून जातं. शेवटी उरतं ते जन्माच्या वेळचं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात हे काम सुरू झालं. सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी डॉइच या शास्त्रज्ञासोबत दख्खनच्या बेसाल्टच्या चुंबकत्वावर १९५९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी १९५६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातल्या खडकांवर लिहिलं होतं. दोन्हीकडून एकच गोष्ट पुढे आली. हा लाव्हा वाहत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला होता. आजचा हिशेब २५ ते ३० अंश दक्षिण असा आहे. म्हणजे पालीखालचा कातळ निवल्यानंतर साडेचार-पाच हजार किलोमीटर उत्तरेला सरकला आहे. खंड सरकतात हे तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञ मानत नव्हते. त्यांना ते मानायला लावणाऱ्या पुराव्यांत आपल्या काळ्या दगडाचा वाटा आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

टाटा संस्थेतल्या मंडळींनी साधनंही स्वतः घडवली. एस. डी. लिखिते, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी १९६५ मध्ये असं एक यंत्र निबंधातून मांडलं, ज्यात दगडाचा तुकडा जोरदार उलटसुलट क्षेत्रात ठेवायचा आणि तो चुंबक होताना व उलटताना काढत असलेलं वळण ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघायचं. राधाकृष्णमूर्ती आणि लिखिते यांचा १९७० चा निबंध बेसाल्ट तापत तापत चुंबकत्व सोडतो त्या अगदी शेवटच्या टप्प्याबद्दल आहे. चुंबकत्व जाण्याच्या जरा आधी दगड बाहेरच्या क्षेत्राला नेहमीपेक्षा जास्त ओ देतो आणि मग एकदम गप्प होतो. ब्रिटिश अभियंता जॉन हॉपकिन्सन यांनी १८८९ मध्ये लोखंडात हे पाहिलं होतं. मुंबईत ते आपल्या कातळात तपासलं गेलं.

इंग्लंडमध्ये दगडांच्या चुंबकत्वाचं काम पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटात झालं, आणि ते तिथवर कसं पोचलं ही कथा विस्तारानं सांगण्यासारखी आहे. ब्लॅकेट १९४८ चे नोबेल विजेते. १९४७ मध्ये त्यांनी असा विचार मांडला की फिरणारी कोणतीही मोठी वस्तू, केवळ ती फिरते म्हणून, चुंबक होते. पृथ्वी, सूर्य, तारे, सगळ्यांना एकच नियम. तो तपासायला त्यांनी अतिशय संवेदनशील चुंबकमापक बांधला आणि बँक ऑफ इंग्लंडकडून १५.२ किलो सोन्याचा दंडगोल उसना आणला. प्रयोगशाळेत ठेवलेला हा दंडगोल पृथ्वीबरोबर फिरतोच. तेव्हा त्यातून इवलंसं का होईना, क्षेत्र निघायला हवं होतं. निघालं नाही. १९५२ मध्ये ब्लॅकेट यांनी आपला प्रयोग नकारार्थी ठरल्याचं स्वतः जाहीर केलं. पण मापक तर हातात होता, आणि दगडातलं क्षीण चुंबकत्व मोजायला तो उत्तम होता. तो मग खडकांच्या कामाला लागला.

फिरणं आणि चुंबकत्व यांचं नातं मात्र खरं होतं. ब्लॅकेट यांनी ते ग्रहताऱ्यांच्या मापावर शोधलं, आणि ते राहत होतं इलेक्ट्रॉनमध्ये. १९१५ मध्ये बर्लिनमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन आणि वांडर द हास यांनी लोखंडाची कांडी बारीक तंतूला टांगून तारेच्या वेटोळ्यात सोडली होती. वेटोळ्यातल्या विजेची दिशा उलटवली की कांडीचं चुंबकत्व उलटायचं, आणि त्याबरोबर सगळी कांडी किंचित गिरकी घ्यायची. लोखंडातलं चुंबकत्व हे मुळात फिरणं आहे, म्हणून असं होतं. इलेक्ट्रॉनची ही अंगभूत गिरकी, म्हणजे स्पिन, पुढे १९२५ मध्ये ओळखली गेली. एखादा भोवरा अडवला तर त्याची गिरकी अडवणाऱ्या बोटाला जाणवते, तसंच इथे. पदार्थविज्ञानात या फिरण्याच्या साठ्याला कोनीय संवेग म्हणतात आणि तो कधीही नुसता नाहीसा होत नाही. एकानं सोडला तर दुसऱ्या कुणाला तरी तो घ्यावाच लागतो.

दगड भट्टीत तापवताना ही गिरकी कुणी घेतली हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण तिथे वेळ भरपूर असतो. स्पिनांनी सोडलेली गिरकी अणूंच्या जाळीकडे जाते, जाळीकडून तुकड्याकडे, तुकड्याकडून टेबलाकडे. प्रश्न अवघड झाला तो हे सगळं एका सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात घडताना दिसलं तेव्हा.

चुंबकत्व ठरावीक तापमानाला जातं हे पियरे क्युरी यांनी १८९५ च्या आपल्या प्रबंधात पद्धतशीर मांडलं. लोखंडाचा हा आकडा ७७० अंश, निकेलचा साधारण ३५५. गॅडोलिनियम हा धातू तर २० अंशांनाच हात टेकतो. पालीच्या दुपारी तो स्वतः चुंबक म्हणून टिकणारच नाही. १९०७ मध्ये पियरे वाइस यांनी यामागचा हिशेब लावला: शेजारच्या अणूंचे चुंबक एकमेकांना एका दिशेत धरून ठेवतात आणि उष्णतेची धडपड त्या धरण्यापेक्षा मोठी झाली की रांग मोडते. हे वाइस पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहरात आले. त्यांच्या हाताखाली तिथेच लुई नेल घडले, ज्यांना चुंबकत्वावरच्या कामासाठी १९७० चं नोबेल मिळालं. पुढची घटना याच शहरात घडली.

१९९६ मध्ये स्ट्रासबूर्गच्या एरिक बोरपेर, जाँ-क्लोद मेर्ल, आलँ दोनुआ आणि जाँ-इव्ह बिगो यांनी निकेलच्या पातळ थरावर लेझरचे स्पंद सोडले. थराची जाडी २२ नॅनोमीटर. माणसाचा केस त्याच्या सुमारे तीन हजार पट जाड असतो. एक स्पंद ६० फेम्टोसेकंदांचा. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एकावर पंधरा शून्यं इतकावा भाग. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो, आणि ६० फेम्टोसेकंदांत एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकासुद्धा पुढे सरकत नाही.

इतक्या कमी वेळाचं मोजमाप करणारं घड्याळ नसतं. त्यासाठी जी युक्ती करतात ती मला फार आवडते. लेझरचा एक स्पंद दोन भागांत फोडतात. जोरदार भाग निकेलला तापवतो. दुबळा भाग थोडा उशिरा येतो आणि निकेलची अवस्था बघून जातो. उशीर किती, हे एक आरसा ठरवतो. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला की प्रकाशाला जाण्या-येण्याचं मिळून ०.३ मिलिमीटर जास्त अंतर कापावं लागतं आणि उशीर बरोबर एक पिकोसेकंद, म्हणजे हजार फेम्टोसेकंद होतो. आरसा थोडा थोडा सरकवत तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करायचा. दुबळा स्पंद चुंबकत्व कसं बघतो? चुंबकावरून परतलेल्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित वळते. स्कॉटलंडचे जॉन कर यांनी हे १८७० च्या दशकात दाखवलं होतं. वळण जितकं मोठं, तितकं चुंबकत्व जास्त.

पहिल्या पिकोसेकंदातच निकेलचं चुंबकत्व जवळपास निम्म्यावर आलं.

हे अपेक्षित नव्हतं. पाच वर्षांआधी, १९९१ मध्ये, झुरिकच्या फाटरलाउस, बॉयटलर आणि मायर यांनी गॅडोलिनियमवर मोजून काढलं होतं की स्पिन आणि अणूंची जाळी यांच्यातल्या देवघेवीला साधारण १०० पिकोसेकंद लागतात, चूकभूल ८० पिकोसेकंदांची. सिद्धांतही तेच सांगत होता. प्रकाश आधी इलेक्ट्रॉनांना तापवतो, इलेक्ट्रॉन मग जाळीला तापवतात, आणि स्पिनांना ही बातमी सगळ्यांत शेवटी, एका कच्च्या दुव्यातून कळायला हवी. स्ट्रासबूर्गच्या गटानं इलेक्ट्रॉन, स्पिन आणि जाळी यांना तीन वेगवेगळी तापमानं देऊन हिशेब जुळवला. इलेक्ट्रॉन काही क्षण प्रचंड तापलेले, जाळी जेमतेम कोमट, स्पिन त्यांच्या मधोमध. आकडे जुळले. पण गिरकी कुणी घेतली याचं उत्तर तापमानाच्या हिशेबात नव्हतं. प्रकाशानं नेली म्हणावं, तर सरळ कंपनाच्या प्रकाशाजवळ अशी गिरकी नसतेच, आणि असली तरी स्पंदातल्या प्रकाशकणांची संख्या तिला पुरी पडत नाही.

या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं काम मला २००० सालचं वाटतं. नेदरलँड्समधल्या आइंटहोव्हनच्या बर्ट कोपमन्स यांच्या गटानं आपल्या निबंधाच्या मथळ्यातच प्रश्न टाकला: निकेलमध्ये दिसतंय ते चुंबकत्व की प्रकाशाचा खेळ? जोरदार स्पंदानं इलेक्ट्रॉन इतके ढवळून निघतात की परतणाऱ्या प्रकाशाचं वळण चुंबकत्वाशी संबंध नसतानाही बदलू शकतं. त्यांनी प्रकाशाचे दोन वेगवेगळे बदल एकाच वेळी मोजले. दोन्ही खरंच चुंबकत्व सांगत असतील तर त्यांनी बरोबरीनं चालायला हवं होतं. सुरुवातीच्या काहीशे फेम्टोसेकंदांत ते तसे चालले नाहीत. सगळं जग नव्या शोधाच्या मागे धावत असताना थांबून मोजपट्टीच तपासायला घेणं, याला धीर लागतो. त्यानंतरच्या प्रत्येक गटाला ही शंका फेडूनच पुढे जावं लागलं.

याच सुमारास मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला, टाटा संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेत उलटं काम चालू होतं. तिथे लेझर चुंबकत्व निर्माण करत होता. १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद घन पदार्थावर इतक्या तीव्रतेनं पाडायचा की पृष्ठभागाचा तत्क्षणी प्लाझ्मा व्हावा. त्यातून तापलेल्या इलेक्ट्रॉनांचे लोट आत घुसतात, आणि लोट म्हणजे विजेचा प्रवाह, तेव्हा त्याभोवती चुंबकीय क्षेत्र आलंच. ए. एस. संधू आणि सहकाऱ्यांनी, गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या प्रेधिमन काव, अमिता दास आणि सुदीप सेनगुप्ता यांच्यासह, २००२ मध्ये हे क्षेत्र मोजून दाखवलं: २.७ कोटी गॉस, सहा पिकोसेकंदांसाठी. कोकणात पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ०.४ गॉस असतं. म्हणजे त्याच्या पावणेसात कोटी पट. मोजण्याची रीत स्ट्रासबूर्गच्याच कुळातली: मागून येणारा दुबळा स्पंद आणि त्याच्या कंपनाचा बदल. दगडातलं मुरलेलं चुंबकत्व सोडवणारी आणि हे क्षणजीवी चुंबकत्व घडवणारी माणसं एकाच संस्थेची, याची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेलेली नाही.

कोपमन्स यांच्या शंकेचं उत्तर २००७ मध्ये बर्लिनहून आलं. तिथल्या बेसी या केंद्रात श्टाम आणि सहकाऱ्यांनी दृश्य प्रकाश सोडून क्ष-किरणांचे फेम्टोसेकंद स्पंद वापरले. क्ष-किरण निकेलच्या आतल्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोचतात आणि गिरकीचे दोन प्रकार वेगळे दाखवतात: इलेक्ट्रॉनची स्वतःची, आणि त्याची अणुकेंद्राभोवतीची. चुंबकत्व खरंच जात होतं, सुमारे १२० फेम्टोसेकंदांत. आणि स्वतःची गिरकी कमी होताना केंद्राभोवतीची वाढत नव्हती. एक संशयित सुटला.

मग २०१० मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या बातियातो, कार्वा आणि ओपेनेर यांनी निराळीच वाट दाखवली. चुंबकत्व नष्ट होतच नसेल, ते फक्त जागा सोडत असेल. निकेलमध्ये एका दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यांपेक्षा सुसाट पळतात. तापले की ते थराबाहेर निघून जातात आणि मागे चुंबकत्व कमी पडतं. २०१२ मध्ये निकेल आणि लोखंड यांचे थर एकावर एक ठेवून केलेल्या प्रयोगात, निकेलचं चुंबकत्व घटताना लोखंडाचं क्षणभर वाढलेलंही दिसलं. जर्मनीत काम करणाऱ्या संगीता शर्मा आणि सहकाऱ्यांची २०१८ ची गणितं याच्याही पुढे गेली: प्रकाश इलेक्ट्रॉनला एका अणूवरून शेजारच्या दुसऱ्या जातीच्या अणूवर ढकलतो आणि स्पिन त्याच्याबरोबर जातं, प्रकाशाची एक लाट पुरी होते न होते तोच. निकेल-प्लॅटिनमच्या थरांवर २०१९ मध्ये त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

पण पळायला जागाच नसेल तर? वीजरोधक पृष्ठावर बसवलेल्या एकट्या निकेलच्या थरातून इलेक्ट्रॉन जाणार कुठे? २०१३ मध्ये आइंटहोव्हनच्याच गटानं अशा थरावर पुढून आणि मागून लेझर मारून पाहिला. चुंबकत्व तितक्याच झपाट्यानं गेलं. तेव्हा पळापळ खरी असली तरी सगळा हिशेब तिच्या नावावर टाकता येत नव्हता.

उरली अणूंची जाळी, जी फार संथ म्हणून सुरुवातीलाच बाजूला ठेवली गेली होती. २०१९ मध्ये झुरिकच्या डॉर्नेस आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेझरवर लोखंडाचा पातळ थर नेला. आइन्स्टाइन-द हास यांची कांडी आता काही नॅनोमीटरांची झाली होती आणि तिची गिरकी अणूंच्या सरकण्यातून ओळखायची होती. लेझर पडताच थराच्या पृष्ठभागापासून आत एक आडवी, पिळवटणारी लाट निघाली. चुंबकत्वाची दिशा उलटवली की लाटही उलटायची. हिशेब केल्यावर दिसलं की स्पिनांनी सोडलेल्या गिरकीपैकी सुमारे ८० टक्के जाळीनं घेतली होती, तीही एका पिकोसेकंदाच्या आत.

जाळी ती घेते कशी, हे २०२२ मध्ये जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठाच्या टाउखर्ट आणि सहकाऱ्यांनी पाहिलं. त्यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचे स्पंद निकेलमधून आरपार सोडले आणि पडद्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांची तेजस्विता नोंदवली. अणू नुसते उष्णतेनं सगळीकडे थरथरत असते तर ठिपके सारखेच मंदावले असते. ते काही दिशांना जास्त मंदावले, आणि या दिशा चुंबकत्वाच्या दिशेला काटकोनात होत्या. अणू आपापल्या जागी इवल्या वर्तुळांत फिरू लागले होते. अख्खा थर पिळवटण्याच्या आधी, काहीशे फेम्टोसेकंदांतच, प्रत्येक अणूनं आपल्या वाट्याची गिरकी उचलली होती.

या उत्तराच्या उजेडात झुरिकची १९९१ ची नोंद वाचली तर ती चुकलेली नव्हती असं दिसतं. बर्लिनच्या बेसीवर २०११ मध्ये गॅडोलिनियम आणि त्याच्या शेजारचं टर्बियम ही दोन मूलद्रव्यं शेजारी शेजारी मोजली गेली. दोघांचंही चुंबकत्व दोन टप्प्यांत उतरतं. पहिला टप्पा दोघांचा सारखा, सुमारे ७५० फेम्टोसेकंदांचा. दुसऱ्यात फरक पडतो. गॅडोलिनियमच्या आतल्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात आणि ती कक्षा सगळीकडून सारखी गोल असते, त्यामुळे जाळीला तिच्यावर पकड मिळत नाही. टर्बियममध्ये एक इलेक्ट्रॉन जास्त असतो, कक्षा एका बाजूनं चेपल्यासारखी होते आणि जाळीची पकड बसते. टर्बियमची गिरकी उतरायला आठ पिकोसेकंद पुरतात, गॅडोलिनियमला चाळीस लागतात.